शहाजोग हुंडी आणि भाड्याचं खातं

निवृत्त प्राध्यापिका, नामांकित डॉक्टर, कधी एखाद्या बँकेचाच माजी अधिकारी ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर ‘अटके’त ठेवण्याच्या, जाळ्यात सापडून आयुष्यभराची पुंजी घालवून बसला, अशी बातमी आली की दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो, एवढी शिकलीसवरलेली माणसं फसतातच कशी? दुसरा म्हणतो, पोलीस काय झोपा काढतात? पहिल्याच्या समाधानासाठी आणखी एक जनजागृती सप्ताह होतो, दुसऱ्याच्या समाधानासाठी आणखी एका सायबर पोलीस ठाण्याची फीत कापली जाते, आणि वाद पुढच्या बातमीपर्यंत थंडावतो. या सगळ्यात एका जागेकडे कोणी पाहत नाही. फसलेल्या माणसाचा पैसा हवेत विरत नाही. तो कुठल्या तरी बँकेच्या कुठल्या तरी शाखेत, आधार-पॅन घेऊन रीतसर उघडलेल्या खात्यात जमा होतो. ते खातं उघडणाऱ्या बँकेच्या खिशाला आज या व्यवहारात जवळपास काहीच झळ बसत नाही. ती बसत नाही तोवर लोकांना शहाणं करायच्या कितीही मोहिमा काढल्या तरी हे गुन्हे वाढतच जाणार, असं माझं मत आहे.

आधी आकडे बघू, म्हणजे ‘जागृती’चा हिशेब लागेल. सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. त्याच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘थांबा, विचार करा, कृती करा’ असा मंत्र दिला, पुढे फोन लावला की समोरचा उचलण्याआधी अमिताभ बच्चन यांचा इशारा ऐकू येऊ लागला. या प्रयत्नांना नावं ठेवायची नाहीत; त्याने काही माणसं नक्की वाचली असतील. पण ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण दगड जागचा हलत नाही असं धरून चालते. इथला दगड रोज जागा बदलतो. लॉटरीचं बक्षीस जुनं झालं तेव्हा ‘केवायसी संपलंय’ आलं, मग ‘आज रात्री वीज तोडणार’, मग परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये सापडलेले अमली पदार्थ, मग आरटीओ चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी, उघडली की फोनमध्ये चोराचं ॲप बसवणारी एपीके फाइल. प्रत्येक वेळी कोट्यवधी लोकांना नव्याने शिकवायचं आणि चोराने मात्र हजारात एकच गाठायचा, ही शर्यत कोण जिंकणार?

आणि काही वेळा ग्राहकाने काहीच केलेलं नसतं. आधारच्या अंगठ्यावर पैसे काढायच्या सोयीत हे घडून गेलं आहे. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, ते सिलिकॉनवर उमटवून, खेड्यातल्या माणसांची खाती रिकामी केली गेली. त्यांनी ना ओटीपी सांगितला, ना लिंक उघडली. सरकारी कार्यालयात इमानाने अंगठा दिला, एवढाच त्यांचा गुन्हा.

‘लोभी माणूसच फसतो’ हे वाक्यही एकदा तपासून घ्यावं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून आणि शिवाय आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाने मिळून सुमारे ९४ कोटी रुपये दोन दिवसांच्या व्यवहारांत लंपास झाले. तेव्हा बँकेला कोणी लोभी म्हटलं नाही, भोळी म्हटलं नाही. यंत्रणेत त्रुटी होती असं म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका पद्मभूषणप्राप्त उद्योगपतींना स्काइपवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना लुबाडलं. त्यांना कसला लोभ होता? भीती दाखवली होती. बँक फसली तर त्रुटी यंत्रणेतली आणि माणूस फसला तर त्याच्या अकलेतली, हा कुठला न्याय?

सावधगिरीच्या घोषणेने काय होतं आणि नियमाने काय होतं, याचं उत्तम उदाहरण यूपीआयच्या ‘कलेक्ट रिक्वेस्ट’चं आहे. जुना सोफा किंवा फ्रिज विकायला काढला की ‘लष्करातल्या’ ग्राहकाचा फोन यायचा, भाव न करता होकार मिळायचा, आणि पैसे ‘घेण्यासाठी’ एक विनंती फोनवर यायची. विनंती खरं तर पैसे मागण्याची. पिन टाकला की आपल्याच खात्यातून रक्कम जायची. कित्येक वर्षं बँकांनी एकच घोकवलं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. एसएमएस, पोस्टर, वर्तमानपत्रांत अर्धं पान. लोक फसतच राहिले. मग १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दोन व्यक्तींमधली ही विनंती बंदच करून टाकली. व्यापाऱ्यांसाठी ती आहे, कारण तिथे तिची गरज आहे. विषय संपला. वर्षानुवर्षांच्या प्रबोधनाला जे जमलं नाही ते एका परिपत्रकाने केलं. मग ती सोय एवढी वर्षं चालू का ठेवली, हा प्रश्न विचारायला कोणाला सुचलं नाही, कारण आपण सगळे फसलेल्या बाईच्या नावाने बोटं मोडण्यात गुंतलो होतो.

अशी उदाहरणं एक-दोन नाहीत. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना वेगळा पासवर्ड सक्तीचा केला, तेव्हा ‘ऑनलाइन व्यापार बुडेल’ अशी ओरड झाली होती, बुडाला का? २०१८ च्या अखेरीपर्यंत चुंबकीय पट्टीची कार्डं बदलून चिपची करायला लावली. फोनवर *४०१* दाबायला सांगून कॉल दुसऱ्या नंबरवर वळवून घेण्याची युक्ती फोफावली, तेव्हा दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ मध्ये ती सोयच स्थगित केली. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल रोखणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तर पहिल्या चोवीस तासांत १.३५ कोटी कॉल अडले. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत ते बिनदिक्कत येत होते, आणि ‘अनोळखी फोन उचलू नका’ हा उपदेश आपल्याला चालू होता.

आता मूळ मुद्दा, पैसा जाऊन पडतो ते खातं. पोलीस याला ‘म्युल अकाउंट’ म्हणतात, म्हणजे ओझं वाहणारं खेचर. आपण भाड्याचं खातं म्हणू. एखाद्या विद्यार्थ्याला, रिक्षावाल्याला, मजुराला काही हजार रुपये किंवा कमिशन देऊन त्याच्या नावाने खातं उघडायचं आणि सगळं ‘किट’ ताब्यात घ्यायचं: पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड. मोठ्या रकमांसाठी बचत खातं पुरत नाही. मग महिन्याच्या भाड्याने एक गाळा घ्यायचा, शटरवर ‘अमुक एंटरप्रायझेस’चा फ्लेक्स लावायचा, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र काढायचं आणि चालू खातं उघडायचं. बँकेचा माणूस येतो, पाटीसमोर फोटो काढतो आणि जातो. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरतो. कधी कुंपणच शेत खातं. जून २०२५ मध्ये सीबीआयने सांगितलं की देशभरातल्या ७०० हून अधिक शाखांतून अशी सुमारे साडेआठ लाख खाती उघडली गेली होती. साडेआठ लाख! एवढी खाती काय ‘डार्क वेब’वर, चोरून उघडली? ती काउंटरवर, फॉर्मवर सह्या घेऊन उघडली गेली.

डोळ्यांसमोर आणा: दुपारी साडेबाराला सत्तरीचे गृहस्थ शाखेत येतात. शर्टाच्या खिशात उभा फोन, कॅमेरा बाहेर डोकावतोय, पलीकडे ‘इन्स्पेक्टर’ ऐकतोय. आठ वर्षांपूर्वीची एफडी मुदतीआधी मोडायची आहे, वर आरटीजीएसचा फॉर्म. ‘काका, एवढी घाई कसली?’ असं विचारलं तर ‘मुलासाठी फ्लॅट घेतोय’ हे उत्तर त्यांना पढवून पाठवलेलं असतं. काउंटरवरच्या माणसाला तरीही बरंच काही दिसतं: दरमहा पेन्शन जमा, पंधरा-वीस हजार खर्च, आजवर एवढी रक्कम कधी हलली नाही, आणि लाभार्थी हजार मैलांवरची, नावही न ऐकलेली ट्रेडिंग कंपनी. पण खरी कुंडली पलीकडच्या बँकेच्या पडद्यावर असते. खातं तीन आठवड्यांपूर्वीचं, सांगितलेली वार्षिक उलाढाल काही लाखांची. दोन आठवडे शुकशुकाट, परवा एक रुपया आला आणि गेला, ती तपासणी. आज अठरा लाख आले आणि सहा मिनिटांत चौदा खात्यांत वाटले गेले, ज्या फोनवरून वाटले तो खातेदाराच्या गावात नाहीच. हे सगळं पाहू शकणारी जागा जगात एकच, ते खातं सांभाळणारी बँक. काकांना हे कधीच दिसणार नाही, त्यांच्या बँकेलाही नाही. ज्याला दिसतं त्याच्यावर जबाबदारी नाही आणि ज्याच्यावर जबाबदारी त्याला दिसत नाही, अशी ही रचना आहे.

गंमत म्हणजे आपल्या पेढ्यांनी हे कोडं फार पूर्वी सोडवलं होतं. हुंड्या, म्हणजे ‘अमक्याला एवढे पैसे द्या’ अशा पेढ्यांच्या लेखी चिठ्ठ्या, नाना तऱ्हेच्या असत, दर्शनी, मुदती, धनीजोग. त्यातली एक शहाजोग. तिचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत, फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या व्यापाऱ्यालाच. हुंडी वाटेत चोरीला गेली, बनावट निघाली, तर पैसे देणारा त्या शहाकडे जाई. शहाने रक्कम परत करायची, नाहीतर ज्याच्याकडून हुंडी आली तो माणूस हजर करायचा. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या हायकोर्टापुढेही हा रिवाज आला. त्यामागचं व्यवहारज्ञान पाहा. हुंडी लिहून देणाऱ्याला ‘तू सावध का नव्हतास’ असं पेढी विचारत बसली नाही. पैसा ज्याच्या हातून चोराकडे जाणार त्यालाच जामीन केलं, कारण चोराचं तोंड त्यानेच पाहिलेलं असतं. मग कोणता शहा अनोळखी माणसाची हुंडी डोळे मिटून पुढे करेल? आजची बँक केवायसी करते म्हणजे ‘हा माणूस माझ्या ओळखीचा’ असंच साऱ्या देशाला सांगते. शहाची पत तिला हवी, जामिनकी नको.

विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा: पैसे ग्राहकाने स्वतः पाठवले, बँकेने फक्त हुकूम पाळला, उद्या भरपाई मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, खोटे दावे घेऊन येतील. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रकही याच रेषेवर उभं आहे. त्रयस्थाच्या कारस्थानाने अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ. दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचा भार बँकेवर. चांगला नियम आहे. पण ग्राहकाने पिन किंवा ओटीपी स्वतःहून दिला की तक्रार करेपर्यंतचं सारं नुकसान त्याचं. ‘डिजिटल अरेस्ट’ तर या नियमाच्या कक्षेबाहेरच, कारण तिथे व्यवहार ‘अधिकृत’ असतो. कपाळाला पिस्तूल लावून घेतलेल्या सहीला आपण संमती म्हणत नाही, मग बारा तास कॅमेऱ्यासमोर बसवून, खोटं वॉरंट दाखवून घेतलेली सही संमती कशी?

बेफिकिरीच्या भीतीला इतिहासाने उत्तर दिलं आहे. अमेरिकेत बँका न मागता लोकांच्या घरी क्रेडिट कार्डं टपालाने पाठवत होत्या, तेव्हा १९७० च्या कायद्याने कार्डाच्या गैरवापरातली ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरवर बांधून टाकली. लोक कार्डं रस्त्यावर फेकू लागले नाहीत. बँका मात्र संशयास्पद खरेदी ओळखायच्या यंत्रणा उभारायला लागल्या, कारण पैसे त्यांचे जात होते. ब्रिटनमध्ये त्या काळी उलटं होतं. एटीएममधून न काढलेले पैसे गेल्याची तक्रार केली की बँक म्हणायची, आमची यंत्रणा चुकू शकत नाही, तुम्हीच खोटं बोलताय. अशी तक्रार करणाऱ्या एका पोलीस शिपायालाच १९९४ मध्ये फसवणुकीच्या प्रयत्नात दोषी ठरवलं गेलं, १९९६ मध्ये तो अपिलात सुटला. त्याच ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केला: फसवून पाठवायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत ग्राहकाला परत द्यायचे आणि भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा वाहायचा. बेफिकिरीला आळा म्हणून ग्राहकाला १०० पौंडांपर्यंत झळ लावायची मुभा आहे, आणि कमालीचा निष्काळजीपणा बँकेने सिद्ध केला तर भरपाई नाही. म्हणजे शहाजोगच, फक्त पौंडांत. सिंगापूरने डिसेंबर २०२४ पासून बँक आणि फोन कंपनी यांच्यात जबाबदारी वाटली, पण स्वतःहून पाठवलेले पैसे त्यातून वगळले; मला ते अपुरं वाटतं. मात्र त्यांचा २०२५ चा दुसरा कायदा घेण्यासारखा आहे. माणूस चोराच्या इतका कह्यात गेला असेल की कोणाचंच ऐकत नाही, तर पोलीस त्याच्या खात्याच्या व्यवहारांवर ३० दिवस मर्यादा घालू शकतात. खिशात फोन घेऊन आलेल्या काकांसाठी नेमकं हेच हवं.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि वेगाचा. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. मग भरपाई कुठून द्यायची? गावोगावच्या नागरी सहकारी बँकांकडे चोवीस तास पाळत ठेवायला माणसं कुठून आणायची? हे खरं आहे. छोट्या बँकेवर मोठ्या बँकेइतका बोजा टाकणं अन्याय ठरेल. पण तिला एक सोपी वाट आहे: नव्या खात्यात येणाऱ्या रकमेवर पहिले काही महिने मर्यादा घालायची आणि मर्यादेपलीकडची रक्कम काही तास बाहेर जाऊ द्यायची नाही. त्याला यंत्रमेंदू (एआय) लागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये एक अट लागते. ज्यांना यंत्रमेंदू हवा त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने भाड्याची खाती हुडकणारं ‘म्युलहंटर’ बनवलंच आहे. आणि वेग? भाजीवालीचे चाळीस रुपये थांबवा असं कोणी म्हणत नाही. पहिल्यांदाच पैसे पाठवतोय अशा अनोळखी खात्यात, मोडलेल्या एफडीचे पंधरा लाख चार तास उशिरा पोचले, तर कोणाचा व्यापार बुडतो? नव्याने यूपीआय सुरू करणाऱ्याला पहिल्या चोवीस तासांत ५,००० रुपयांची मर्यादा आजही आहे, त्याबद्दल कोणी मोर्चा काढलेला नाही.

खरं तर आजच्या पद्धतीतच निरपराधांचे जास्त हाल आहेत. चोरीची रक्कम एका खात्यातून दहा, दहातून शंभर खात्यांत फिरते, आणि त्यातल्या एकाने कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला क्यूआरने साठ रुपये दिलेले असतात. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र येतं आणि वडापाववाल्याचं अख्खं खातं गोठतं. वाद साठ रुपयांचा, अडकले चाळीस हजार. वादातल्या रकमेपुरताच अडसर घालायला काय हरकत आहे? घेणाऱ्या बँकेने पहिल्याच पायरीवर दार लावलं असतं तर पैसा वडापावपर्यंत पोचलाच नसता.

मग ग्राहकाने हात झटकावेत का? नाही. त्याचं काम एकच आणि ते तातडीचं: ताबडतोब कळवणं. पैसे गेले की १९३० लावायचा, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करायची. हाताशी चार गोष्टी हव्यात: बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक (यूपीआयचा बारा आकडी). एपीके फाइल चुकून बसवली असेल तर फोन आधी विमान मोडवर टाकायचा आणि बँकेला दुसऱ्याच फोनवरून कळवायचं, कारण आपल्या फोनवरचे एसएमएस आता चोरही वाचतोय. २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवायची. पण पहिल्या तासात माणूस फोन का करत नाही? ‘एवढे शिकलेले असून फसलात?’ हे वाक्य घरातच ऐकावं लागेल या धास्तीने. आपण ज्याला जनजागृती म्हणतो तिच्यातल्या टोमण्याने तो तास खाल्लेला असतो.

पोलिसांबद्दल एक तपशील कमी लोकांना माहीत असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करूच शकत नाही. ठाण्यात निरीक्षक मोजके, त्यांच्यामागे बंदोबस्त, मोर्चे, सण. तिथे ४०,००० रुपयांच्या तक्रारीचा माग तीन राज्यांतून काढायचा कोणी? शिवाय फोन करणारा पोरगा कदाचित म्यानमार-थायलंड सीमेवरच्या फसवणुकीच्या बंदिस्त तळावर नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेला असतो. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. म्होरक्या पलीकडे, हाताला लागतं ते भाड्याचं खातं.

जबाबदारी वाटून देणं आपल्या कायद्यात बसत नाही, असंही कोणी म्हणू नये. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये परत करायला लावणारा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. त्याने चोराच्या सांगण्यावरून फोनवर ॲप घेतलं होतं, तरीही. त्याच्या कितीतरी आधी, २०१३ मध्ये, आपल्याच मंत्रालयात हे घडलं आहे. पुण्याच्या एका वाहनभाग कारखान्याच्या खात्यातून खोट्या ईमेलच्या सापळ्याने ८० लाख रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा करतात. त्यांनी ईमेलला उत्तर दिल्याबद्दल कारखानदाराला काही वाटा सोसायला लावला आणि चोरांची खाती नीट न तपासता उघडल्याबद्दल बँकेला ४५ लाख द्यायला सांगितले. शहाजोग हुंडीचा निवाडा याहून वेगळा झाला नसता. अशा निवाड्यांवर अपील ऐकायला दिल्लीत सायबर अपिलीय न्यायाधिकरण होतं. त्याच्या अध्यक्षांची खुर्ची २०११ मध्ये रिकामी झाली आणि २०१७ मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत रिकामीच राहिली.